द्राक्षाच्या सालीतले हवामान

फेब्रुवारी उजाडला की सिहोऱ्याच्या बाजारात द्राक्षांच्या पेट्या दिसू लागतात. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातला हा भाग धानाचा. चांदपूर जलाशयाच्या आसपास नजर पोहोचेल तिथवर बांध्याच बांध्या. द्राक्षाचा मांडव इथे पाहायला मिळत नाही. बाजारात येणारी द्राक्षे नाशिक, सांगली, सोलापूरकडची असतात. मुलांसमोर महाराष्ट्राचा नकाशा पसरून एक प्रश्न विचारता येईल. सिहोरा साधारण २१ अंश अक्षांशाच्या थोडे पुढे आहे, नाशिक २० अंशांवर. म्हणजे नाशिक आपल्यापेक्षा विषुववृत्ताला जवळच. सूर्य दोन्हीकडे सारखाच तळपतो. मग द्राक्ष तिकडे का आणि इकडे का नाही?

जगाचा नकाशा घेतला तर कोडे आणखी वाढते. वाइनसाठीच्या द्राक्षांचे बहुतेक प्रसिद्ध प्रदेश उत्तरेला आणि दक्षिणेला ३० ते ५० अंशांच्या पट्ट्यात आहेत. त्यातही लाल वाइनचा एक विशिष्ट प्रकार, रंगाने उजळ, चवीला आंबटसर, अंगाने हलका आणि वासाला तिखटसर, हा थंड समुद्रकिनाऱ्याचा म्हणून ओळखला जातो. महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा किनारा आहे, पण तो थंड नाही. थंडी आहे ती घाटमाथ्याच्या पलीकडे, आणि तिथे समुद्र नाही. तरी नाशिकजवळ शिराझ आणि कॅबर्ने सॉव्हिनॉन या काळ्या द्राक्षांपासून आज लाल वाइन तयार होते. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. हे कसे जमले ते समजून घेण्यासाठी हवामान फळात कसे उतरते हे पाहावे लागेल.

विषय मद्याचा आहे, म्हणून एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने मद्याला १९८८ सालीच कर्करोगकारक पदार्थांत घातले आहे, आणि दारूने काय होते हे आपल्या गावांना वेगळे सांगायला नको. पण किण्वन, आम्ले, रंगद्रव्ये, सागरी प्रवाह हे सगळे एकाच फळात इतके स्वच्छ भेटते की शिक्षकाला हे उदाहरण सोडवत नाही. वर्गात प्रयोग करायचे ते द्राक्षावर. वाइनची काही गरज नाही.

रंग सालीत, साखर गरात

काळ्या द्राक्षाचा एक मणी घ्या. शरद सीडलेस बाजारात सहज मिळते. नखाने साल सोला. आतला गर हिरवट पांढरा निघतो, जवळजवळ बिनरंगी. सगळा रंग त्या पातळ सालीत. म्हणूनच काळ्या द्राक्षाचा रस लगेच पिळून सालीपासून वेगळा केला तर त्याची पांढरी वाइनही करता येते. लाल वाइन करताना मणी फोडून सालीबियांसकट आंबवतात. यीस्ट साखर खाते. ग्लुकोजच्या एका रेणूपासून अल्कोहोलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू तयार होतात. वाढत्या अल्कोहोलमध्ये सालीतला रंग आणि सालीबियांतले टॅनिन उतरते. टॅनिन म्हणजे कच्चे जांभूळ किंवा हिरडा चघळल्यावर जीभ आवळून येते ना, तो पदार्थ. आपले आयुर्वेदातले द्राक्षासवही असेच आंबवून करतात. त्यात धायटीची फुले घालतात, आणि फुलांसोबत यीस्टही आत जाते.

सालीतले रंगद्रव्य म्हणजे अँथोसायनिन. जांभूळ, जास्वंद, लाल कोबी यांतही याच कुळातले रंग असतात. सालीचे तुकडे थोड्या कोमट पाण्यात चुरडा, पाणी तीन वाट्यांत घ्या. एकीत लिंबू पिळा, दुसरीत खायचा सोडा घाला, तिसरी तशीच ठेवा. लिंबाची वाटी लाल होते, सोड्याची निळसर-हिरवट. रंग आम्लतेवर हलतो हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

हा रंग मण्यात सुरुवातीपासून नसतो. द्राक्ष बागाईतदार म्हणतात ‘मण्यात पाणी उतरले’, त्या वेळी कडक हिरवा मणी मऊ पडतो, साखर भरू लागते आणि काळ्या जातींत सालीवर रंग चढायला लागतो. चढतो किती, हे तापमानावर ठरते. जपानमध्ये कॅबर्ने सॉव्हिनॉनच्या वेलींवर केलेला एक प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. काही वेलींना दिवसाचे कमाल तापमान २५ अंश मिळेल, काहींना ३५ अंश मिळेल अशी व्यवस्था केली होती. ३५ अंशांच्या मण्यांत रंगद्रव्य निम्म्याहूनही कमी भरले. उष्णतेत ते कमी तयार होते एवढेच कारण नाही, तयार झालेलेही मोडते.

याची एक उलटी गंमत नाशिकच्या खाण्याच्या द्राक्षात दिसते. रात्री कडाक्याची थंडी आणि दिवसा ऊन असे झाले की थॉमसनसारख्या हिरव्या जातींचे मणी गुलाबी पडतात. निर्यातीच्या मालाला ते चालत नाही, म्हणून बागाईतदार घडांना कागद गुंडाळतात. ज्या थंड रात्रीची एका मांडवाखाली धास्ती, तीच शेजारच्या वाइनच्या बागेत हवीहवीशी.

दोन घड्याळे

पिकणे ही एक क्रिया आहे असे आपण समजतो. द्राक्षात निदान दोन क्रिया शेजारी शेजारी चालतात. पाने दिवसा साखर करतात आणि ती मण्यात साठते. त्याच वेळी मण्यातले आम्ल कमी होत जाते.

द्राक्षात मुख्य आम्ले दोन. पहिले टार्टारिक. वनस्पतींत ते एवढ्या प्रमाणात क्वचितच आढळते, पण आपल्याला त्याची चव पक्की ठाऊक आहे, कारण चिंचेचा आंबटपणा त्याचाच. दुसरे मॅलिक आम्ल, कच्च्या सफरचंदातले. टार्टारिक टिकाऊ असते. मणी ते फारसे खर्च करत नाही. मॅलिक मात्र मण्याचे सरपण आहे. पाणी उतरल्यानंतर मणी श्वसनासाठी मॅलिक आम्ल जाळू लागतो. श्वसनाचा वेग तापमानाबरोबर वाढतो. ढोबळमानाने १० अंश वाढले की दुप्पट होतो. रात्रीचे तापमान २२ ऐवजी १२ अंश असेल तर रात्रभरात मॅलिक साधारण निम्मेच जळेल. दिवसा प्रकाशसंश्लेषण चालू असते, रात्री फक्त खर्च. खर्च कमी ठेवायचा तर रात्र थंड हवी.

आता दोन घड्याळांची कल्पना करा, एक साखरेचे आणि एक आम्लाचे. उष्ण प्रदेशात दोन्ही धावतात. साखर झपाट्याने चढते, आम्ल झपाट्याने उतरते, आणि सालीतला रंग, बियांतले टॅनिन, वासाची द्रव्ये यांना तयार व्हायला वेळच मिळत नाही. बी अजून हिरवीच, पण मणी साखरेने भरलेला. थोडे थांबून बी पिकू द्यावी तर साखर अति होते. साधारण १७ ग्रॅम साखर प्रति लिटर म्हणजे एक टक्का अल्कोहोल, असा हिशेब आहे. रसात २४० ग्रॅम साखर असेल तर वाइनमध्ये १४ टक्के अल्कोहोल येणार. थंड प्रदेशात दोन्ही घड्याळे सावकाश चालतात. साखर २१०-२२० ग्रॅमवर रेंगाळते, आम्ल शिल्लक राहते, आणि साल-बी तयार व्हायला आठवडेच्या आठवडे मिळतात. अर्थात फारच थंड पडले तर साखर पुरेशी चढतच नाही आणि टॅनिन तुरट, कच्चे राहते.

दोन्ही टोकांना माणसाने उपाय शोधले आहेत. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शाप्ताल (पुढे ते नेपोलियनचे मंत्रीही झाले) यांनी १८०१ सालच्या आपल्या लेखनात कमी गोड रसात साखर घालण्याची शिफारस केली. थंड भागांत ती पद्धत आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. उष्ण भागांत उलटे करतात, रसात टार्टारिक आम्ल घालतात. आम्ल कमी असलेल्या वाइनचा रंग लालावरून जांभळटाकडे झुकतो (आपल्या तीन वाट्या आठवा) आणि नको ते जिवाणूही तिच्यात सहज वाढतात.

लाल वाइनमध्ये यीस्टचे काम आटोपले की बहुधा आणखी एक गोष्ट घडते. लॅक्टिक जिवाणू उरलेल्या मॅलिक आम्लाचे लॅक्टिक आम्ल करतात. ताकातले आम्ल ते हेच. मॅलिकपेक्षा ते सौम्य असते. थंड भागातल्या वाइनमध्ये मॅलिक जास्त, म्हणून हा बदलही तिथे जास्त जाणवतो.

समुद्र थंड कसा होतो?

एक किलो पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. तेवढ्याच कोरड्या मातीला त्याच्या साधारण पाचवा हिस्सा पुरतो. दोन सारख्या डब्यांत वाळू आणि पाणी भरून उन्हात ठेवा, तासाभराने तापमापी बुडवा, फरक मुलांना दिसेल. म्हणून किनाऱ्यावर दिवस फार तापत नाही, रात्र फार गारठत नाही. पण इथे दोन शब्दांची गल्लत होते. समुद्र हवामान *सम* करतो. *थंड* करेलच असे नाही. रत्नागिरीचे हवामान समच आहे, पण वर्षाची सरासरी २७ अंशांच्या आसपास. रात्रसुद्धा उबदार आणि हवा दमट. तिथे हापूस खुलतो. द्राक्षावर मात्र भुरी आणि केवडा हे बुरशीचे रोग तुटून पडतील.

किनारा थंड व्हायला पाणी थंड लागते. कॅलिफोर्नियाचा किनारा घ्या. उन्हाळ्यात वारा किनाऱ्याला समांतर उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे पृष्ठभागाचे पाणी वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर ढकलले जाते. त्याची जागा भरायला खोलवरचे थंड पाणी वर येते. सॅन फ्रान्सिस्कोजवळ ऐन उन्हाळ्यात समुद्राचे पाणी १२-१३ अंशांचे असते. त्यावरून येणारी दमट हवा गारठून धुके होते. दुपारी आतला प्रदेश तापून तिथली हवा वर गेली की हे धुके डोंगरांमधल्या खिंडीतून आत ओढले जाते. जुलैमध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे सरासरी कमाल तापमान जेमतेम २० अंश. सव्वाशे किलोमीटर आतल्या सॅक्रामेंटोचे ३३-३४. सोनोमाच्या किनाऱ्यालगतच्या आणि कार्नेरोसच्या द्राक्षबागा या दोहोंच्या मधल्या फटीत आहेत. चिलीतल्या कासाब्लांकाच्या खोऱ्याला हम्बोल्ट प्रवाह हीच सोय करून देतो, दक्षिण आफ्रिकेच्या वॉकर उपसागराकाठच्या बागांना बेंग्वेला प्रवाह. टास्मानियाचे बेट ४२ अंश दक्षिणेवर, चारी बाजूंनी थंड समुद्र; तिथे पिनो न्वार ही पातळ सालीची जात चांगली येते. उष्णतेत तिचा रंग आणि वास दोन्ही हरवतात.

ढोबळी मिरची आणि काळी मिरी

थंड किनाऱ्याच्या लाल वाइनला मिरचीचा किंवा मिरीचा वास येतो असे जाणकार म्हणतात, तेव्हा ती कविकल्पना वाटते. पण ते रसायनशास्त्र आहे.

कॅबर्ने सॉव्हिनॉनच्या मण्यात मेथॉक्सिपायराझिन गटातले एक द्रव्य असते. हेच द्रव्य ढोबळी मिरचीला तिचा वास देते. पाण्यात एका लिटरमागे २ नॅनोग्रॅम असले तरी नाकाला कळते. २ नॅनोग्रॅम म्हणजे किती? आपल्याकडे धरणातले पाणी दलघमीत मोजतात. एक दलघमी म्हणजे दहा लाख घनमीटर, म्हणजे १०० कोटी लिटर. तेवढ्या पाण्यात हे द्रव्य अवघे २ ग्रॅम मिसळले तर वास येईल! ऊन आणि उष्णता मिळाली की मण्यातले हे द्रव्य घटत जाते. थंड, ढगाळ किनाऱ्यावर ते मागे राहते. थोडे असले तर वाइनला ताजेपणा येतो, जास्त झाले तर कच्च्या भाजीचा वास.

शिराझमधल्या मिरीच्या वासाचे कारण बराच काळ सापडत नव्हते. २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ते शोधून काढले. द्रव्याचे नाव रोटण्डोन. खऱ्या काळ्या मिरीच्या वासातही त्याचाच मोठा वाटा असल्याचे त्याच संशोधनात दिसले. कोकणातल्या पोफळीवर चढणारा मिरीचा वेल आणि द्राक्षाचा वेल यांचे कूळ अगदी वेगळे, पण रेणू एकच. त्यातली आणखी एक मजा अशी की, त्या चाचणीत सुमारे एक पंचमांश माणसांना हा वास भरपूर मात्रेतही आलाच नाही. एकाच पेल्याबद्दल दोन माणसांचे मत वेगळे पडते ते नेहमीच आवडीनिवडीमुळे नसते. रोटण्डोनही थंड जागी, थंड वर्षी जास्त भरते.

एवढ्या दूरच्या गोष्टी कशाला, असे वाटेल. पण चिन्नोर आठवून पाहा. भंडारा-बालाघाटकडच्या या सुवासिक धानाचा दाणा थंडी पडू लागताना भरतो. सुवासिक तांदळांचा वास ज्या मुख्य द्रव्यामुळे येतो, तेही दाणा भरताना हवा थंड असली की जास्त टिकते. लवकर पिकणाऱ्या धानाला अशी संधी मिळत नाही.

नाशिकने थंडी कुठून आणली?

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, सिहोरा सुमारे ३००. उंचीबरोबर हवा किलोमीटरमागे साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे या ३०० मीटरचा फायदा दोन अंशांचा. तो काही फार मोठा नाही. नाशिकने थंड जागा शोधली नाही, थंड महिने शोधले.

विदर्भातल्या वाचकाला ही युक्ती नवी नाही. संत्र्याचा आंबिया बहार धरायचा की मृग, हे आपल्याकडचा शेतकरी झाडाला ताण देऊन ठरवतो. फुले कधी यावीत हे एकदा हाती आले की फळ कोणत्या हवेत पिकावे हेही हाती येते. फेब्रुवारी-मार्चला निघणाऱ्या मृगाच्या संत्र्याची साल आंबियापेक्षा चांगली रंगते, कारण सालीतला हिरवा रंग जायला थंड रात्री लागतात.

द्राक्षात ताणाऐवजी कात्री. युरोपात हिवाळ्यात बर्फाळ थंडीने वेल झोपतो, वसंतात जागा होतो, शरदात फळ देतो. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून वर्षातून दोनदा छाटणी करतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी. ओलांड्यावरच्या काड्या जवळजवळ मुळापासून काढतात, नव्या काड्या फुटतात, आणि मे-जूनच्या कडक उन्हात त्या काड्यांच्या डोळ्यांत घडाचा सूक्ष्म अंकुर तयार होतो. उन्हाळा वाया जात नाही. पुढच्या फळाची आखणी तेव्हाच होते. पावसाळाभर काडी पक्व होते. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी छाटणी, हिला गोडी छाटणी म्हणतात. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांवर हायड्रोजन सायनामाइड लावतात. पोंगा, फुलोरा, मणी सेट होणे, पाणी उतरणे या सगळ्या अवस्था ऑक्टोबर ते फेब्रुवारी या कोरड्या, थंड महिन्यांत पार पडतात. निफाड भागात तर काही वर्षी पारा ४-५ अंशांपर्यंत उतरतो.

हे आकड्यांत मांडता येते. कॅलिफोर्नियातल्या अमेरीन आणि विंकलर यांनी १९४४ साली एक सोपी पद्धत सुचवली. १० अंशांखाली वेल वाढत नाही असे धरून रोजच्या सरासरी तापमानातून १० वजा करायचे आणि एप्रिल ते ऑक्टोबरच्या २१४ दिवसांची बेरीज करायची. अटलांटिकच्या काठच्या बोर्डोची या काळातली सरासरी १७ अंश धरली तर ७ गुणिले २१४, म्हणजे सुमारे १,५०० अंश-दिवस. सर्वांत उष्ण गट सुमारे २,२०० च्या वर सुरू होतो. सिहोऱ्याची एप्रिल ते ऑक्टोबरची सरासरी २९ धरली तर १९ गुणिले २१४, म्हणजे चार हजारांच्या वर, तक्ताच संपला! नाशिकचे ऑक्टोबर ते फेब्रुवारी घ्या. सरासरी साधारण २२ अंश, दिवस १५०. बारा गुणिले दीडशे म्हणजे १,८००. पद्धत सात महिन्यांसाठी आहे, आपण पाच महिने घेतले, त्यामुळे तुलना ढोबळच. तरी वीस अंश अक्षांशावरचा वेल बोर्डोच्या किती जवळ आणून ठेवला आहे ते कळते.

मग हेच गणित भंडाऱ्यात का लागू करू नये? थंडी इथेही पडते. अडचण इतर महिन्यांची आहे. जिल्ह्यात पाऊस सुमारे १,३०० मिलिमीटर, निफाड-दिंडोरीच्या जवळजवळ दुप्पट. काडी पक्व होण्याच्या काळात तो वेलीला बुरशीच्या हवाली करतो. ज्या जमिनीत धानासाठी पाणी उभे राहावे अशी आपली इच्छा, तीत द्राक्षाची मुळे गुदमरतात. शिवाय मार्च लागताच पारा झपाट्याने चढतो.

तो मार्च नाशिकचीही दुखरी जागा आहे. बोर्डोत द्राक्ष पिकते तेव्हा ऋतू उतरत असतो. ऑगस्टपेक्षा सप्टेंबर थंड, दिवस लहान होत चाललेले. थंड किनाऱ्यावर तर शेवटचे आठवडे जवळजवळ स्थिर थंडीत जातात. नाशिकला याच्या बरोबर उलटे. वेल फुलतो थंडीत आणि पिकतो चढत्या उन्हात. जानेवारीत ३० अंशांच्या आत असलेली दुपार मार्चमध्ये ३५ वर जाते. आम्लाचे घड्याळ ऐन शेवटी वेग घेते. पांढऱ्या वाइनची द्राक्षे जानेवारीपासून निघू लागतात, पण काळ्या जातींच्या सालीबियांना अजून तीन-चार आठवडे हवे असतात. थांबावे तर आम्ल जळते आणि साखर चढते. न थांबावे तर टॅनिन कच्चे. त्यात एखादा अवकाळी पाऊस किंवा गारपीट आली तर मणी तडकतात आणि निर्णय घ्यायलाच काही उरत नाही. रिफ्रॅक्टोमीटरने साखर, पीएच मापकाने आम्लता, आणि बी दाताखाली चावून तिचा तपकिरीपणा पाहणे, असे त्या दिवसांत बागेत रोज चालते. तोडणी पहाटे करतात, म्हणजे घड थंड असतानाच कारखान्यात पोहोचतात.

त्यामुळे नाशिकच्या लाल वाइनचा स्वभाव मधला राहतो. हिवाळ्याच्या रात्रींमुळे रंग बरा चढतो. शेवटच्या उन्हामुळे अल्कोहोल तेरा-चौदा टक्क्यांकडे जाते, फळाचा वास पिकलेल्याकडे झुकतो, आम्ल राखावे लागते. थंड किनाऱ्याची नक्कल तिला साधणार नाही, आणि माझ्या मते ती करायची गरजही नाही. शिराझसारखी उष्णता सोसणारी जात इथे रुळली ती याचमुळे. २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रियेचे धोरण आणले, त्यानंतर या भागात बरेच कारखाने उभे राहिले. पुण्याजवळ मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ पासून आहे आणि खाण्याच्या व वाइनच्या जातींवर तिथे काम चालते.

तारखा बोलतात

द्राक्ष पिकण्याची तारीख हवेवर इतकी अवलंबून असेल तर तारखेवरून हवा ओळखता यायला हवी. फ्रान्समधल्या ब्योन या गावी द्राक्षतोडणीच्या तारखांची मालिका १३५४ सालापासून लावता आली आहे. मजुरांना दिलेल्या पैशांचे हिशेब, नगरसभेचे निर्णय, पुढे वर्तमानपत्रे, अशा कागदांतून ती जुळवली गेली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार १९८८ नंतरची तोडणी त्याआधीच्या सहाशेहून अधिक वर्षांच्या सरासरीपेक्षा १३ दिवस लवकर होते आहे. तापमापीचा शोध लागण्यापूर्वीची हवा या कागदांनी सांभाळून ठेवली. बोर्डोने तर २०२१ साली काही नव्या, उष्णता सोसणाऱ्या जातींना प्रायोगिक परवानगी दिली. युरोपातला बागाईतदार डोंगरावर चढू शकतो, उत्तरेकडे सरकू शकतो. नाशिकच्या बागाईतदाराकडे थंड महिने मोजकेच आहेत. छाटणी आठ-दहा दिवस अलीकडे घ्यावी तर परतीचा पाऊस फुलोऱ्यावर, पलीकडे न्यावी तर मार्चचे ऊन घडांवर.

ब्योनसारखी नोंद कोणत्याही शाळेला ठेवता येते. सिहोरा परिसरातल्या शाळेने चिन्नोर घ्यावा. एक जाड वही, आणि दरवर्षी त्याच पाच-सहा शेतकऱ्यांच्या त्याच बांध्या. वाण कोणता, रोवणी कोणत्या तारखेला, लोंबी कधी बाहेर पडली, कापणी कधी. शेजारच्या रकान्यात शाळेच्या व्हरांड्यातल्या तापमापीचे रोजचे किमान आणि कमाल तापमान, लोंबी निघाल्यापासून कापणीपर्यंत. दोन्हींच्या सरासरीतून १० वजा करून बेरीज सातवीच्या मुलांनी करावी. कापणीनंतर प्रत्येक बांधीचा मूठभर तांदूळ वेगवेगळ्या झाकणबंद वाटीत शिजवावा, वाट्यांवर फक्त क्रमांक लिहावेत, आणि वासाचे गुण द्यायला शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बायांना बसवावे. कोणती वाटी कोणत्या बांधीची, हे गुण लिहून होईपर्यंत त्यांना कळू देऊ नये.